अप्पांची गोळी

श्रोतेहो, नमस्कार. आज डायलिसिसवर असलेल्या आपल्या माणसांच्या खाजेविषयी बोलू. अंगावर पुरळ नाही, गांधी नाहीत, तरी पाठ आणि हात खाजतात, रात्री जास्तच. घरचे म्हणतात, 'रक्त खराब झालंय, चालायचंच.' चालवून घेऊ नका, डॉक्टरांच्या कानावर घाला.

आमच्याकडे साताऱ्याला कोरेगावकडचे एक अप्पा यायचे, सकाळच्या पाळीला, एसटीनं. सदऱ्याच्या खिशात लाकडी फणी. मशीन सुरू झालं की मोकळ्या हातानं ती फणी कॉलरमधून पाठीवर. "सिस्टर, लई खाजतंय बघा. रातच्याला डोळ्याला डोळा न्हाई." काकूंचं कडुनिंबाचा पाला घालून कढत पाण्याची आंघोळ घालणं चालूच होतं, त्यानं कातडी आणखी कोरडी पडलेली. रक्तातला फॉस्फरस वाढला की खाजही वाढू शकते; अप्पांचा ८ च्या घरात, तो ५.५ च्या खाली असलेला बरा. आणि गोळी तर चालू! शेवटी विचारलं, "अप्पा, फॉस्फरसची गोळी घेता कधी?" अप्पा ताठ बसून म्हणाले, "पहाटं आंघोळ, देवपूजा, मग गोळी. उपाशीपोटी. एक दिस चुकवली न्हाई."

आता गंमत अशी, की ही गोळी जेवणातला फॉस्फरस आतड्यातच धरते आणि शौचावाटे बाहेर नेते. पोटात अन्नच नाही, तर धरणार काय? काकूंना हे पटकन उमगलं. ताटात डाव्या हाताला लिंबाची फोड, तिच्या शेजारी गोळी. "गोळी तोंडात गेल्याबगर दुसरी भाकरी न्हाई," असा कायदाच केला त्यांनी. हळूहळू फॉस्फरस उतरला. खाज पार गेली नाही, पण अप्पांना झोप लागायला लागली आणि फणी केसांना मिळाली, उरले होते तेवढ्यांना.

परत सांगते, ही गोळी जेवणासोबत. उपाशीपोटी नाही, जेवणासोबत.

आणि पाहुणेमंडळी, आजाऱ्याकडे कंदी पेढ्यांचा पुडा नेऊ नका हो. दुधाच्या खव्यात फॉस्फरस भरपूर. मी तर म्हणते रिकाम्या हातानं जा, दहा मिनिटं बसा, आपल्या गुडघ्याचं पुराण न लावता उठा.

आंघोळ कोमट पाण्यानं, साबण बेतानं. अंग टिपून ओलसर असतानाच खोबरेल किंवा बिनवासाचं मलम चोळा. 'आज तासभर लवकर सोडा' हा हट्ट नको, पुरेसं डायलिसिस झालं नाही तर खाज वाढते. मेडिकलमधून आणलेल्या ॲलर्जीच्या गोळीनं गुंगी येते, ही खाज फारशी हटत नाही. गॅबापेन्टिन अनेकांना लागू पडतं, पण ते मूत्रपिंडावाटेच बाहेर पडणारं औषध. डायलिसिसवाल्याच्या अंगात साचतं, झापड येऊन माणूस पडतो. म्हणून डोस अगदी लहान, बहुधा डायलिसिसनंतर, आणि डॉक्टर सांगतील तेवढाच.

नखं बारीक ठेवा, फिस्टुलाच्या हाताला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला ऑपरेशन करून शीर जोडलेली असते त्या हाताला, तर लावूच नका. तिथं खाजवून जखम झाली, लाली किंवा पू दिसला, तर पुढच्या पाळीपर्यंत थांबू नका, त्याच दिवशी युनिटला फोन करा.