‘काही काम करत नाही’ असं लिहिण्याआधी

नमस्कार श्रोतेहो.

बारावीचा निकाल लागला की मुंबईतल्या कितीतरी घरांत एक प्रश्न हमखास निघतो, "समाजशास्त्र घेऊन पुढे करणार काय?" मी हा विषय शिकवते. दरवर्षी कुणाची तरी आई, नाहीतर मामा, समोर बसून हेच विचारतात. त्यांची काळजी खरी असते. म्हणून आज उत्तर द्यायला मी तुम्हाला आधी गोवंडीतल्या एका दारात नेते.

माझी एक विद्यार्थिनी तिथे सर्वेक्षण करत होती. हातात टॅब, त्यात ठरलेले प्रश्न. उंबऱ्याशी एक ताई बसल्या होत्या. मांडीवर ताटलीत इमिटेशन ज्वेलरीचे मणी, बोटांत चिमटा. "तुम्ही काही काम करता का?" ताई मान वर न करता म्हणाल्या, "नाही गं, मी घरीच असते." टॅबवर ‘नाही’ दाबलं की पुढचा प्रश्न येतो. पोरीचं बोट तिथेच थांबलं. तिने विचारलं, "मग हे मणी कुणाचे?" शेठचा माणूस सकाळी माल टाकून जातो, संध्याकाळी घेऊन जातो, पैसे डझनावर. धाकटी शाळेतून आली की तीही हाताला लागते.

ते बोट थांबलं, त्यासाठी हा विषय शिकायचा. तोच प्रश्न तसाच लाखो दारांत गेला, तर घरात बसून कमावणारी बाई आकड्यांतून गायब होते. पुढे त्या आकड्यांवर कितीही हुशार संगणक बसवा, जी नोंदलीच नाही ती त्याला कुठून सापडणार?

जातीचंही तेच. 2011च्या सामाजिक, आर्थिक आणि जातनिहाय पाहणीत जातींची 46 लाखांवर नावं जमा झाली, असं केंद्र सरकारने 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं. 1931च्या जनगणनेत हा आकडा 4,147 होता. जाती काही हजारपटीने वाढल्या नव्हत्या. कुणी पोटजात सांगितली, कुणी गोत्र, कुणी आडनाव. शिवाय एकाच नावाची स्पेलिंगं वेगवेगळी. आता 2027च्या जनगणनेत जात नोंदवायचं ठरलं आहे. कुठली दोन नावं एकाच जातीची आणि कुठली दिसायला सारखी पण वेगळी, हे ठरवायला गावगाड्याची जाण लागते. आणि त्या ठरवण्यावर पुढे आरक्षणाचे वाद उभे राहतात.

आपल्या शहराला हे काम नवं नाही. मुंबई विद्यापीठात 1919 मध्ये पॅट्रिक गेडिस यांनी समाजशास्त्राचा विभाग सुरू केला, 1924 पासून गो. स. घुर्ये यांनी तो घडवला. आज देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं काम पाहते. त्याच्या पाचव्या फेरीत देशभरातली 6 लाख 36 हजारांहून जास्त घरं होती.

तर मुलांनो, शिकायचं काय? संख्याशास्त्राला घाबरून या विषयाकडे येऊ नका, हे मी अगदी कळकळीने सांगते. नमुना, म्हणजे सगळ्यांऐवजी विचारायला घेतलेली मोजकी घरं, कसा निवडतात ते नीट समजून घ्या. एक्सेल यायलाच हवं, त्यापुढे आर किंवा पायथन, म्हणजे आकडे हाताळायच्या संगणकाच्या भाषा. वस्तीचा नकाशा संगणकावर मांडता आला तर उत्तमच. पण त्याच्या बरोबरीने दारात उभं राहून बोलता आलं पाहिजे, मालवणीत, भोजपुरीत, समोरच्याची जी असेल त्या बोलीत. आणि कुणी सांगितलेली खासगी गोष्ट जपता आली पाहिजे.

नोकऱ्या आहेत. बाजार संशोधनात, आरोग्य प्रकल्पांत, सामाजिक संस्थांत, वर्तमानपत्रांच्या डेटा विभागात. मोबाइल ॲप बनवणाऱ्या कंपन्यांनाही ही माणसं लागतात, कारण सिम नवऱ्याच्या नावावर, फोन दिवसभर मुलीच्या हातात, हे कंपनीच्या नोंदीत दिसत नाही. पालकांनो, एक मात्र लपवत नाही. सुरुवातीला बरंचसं काम कंत्राटी असतं. प्रकल्प संपला की पुढचा शोधावा लागतो. पहिली दोन-तीन वर्षं घरच्यांनी धीर धरावा लागतो.

गोवंडीतला तो प्रश्न आम्ही त्याच रात्री बदलला. "गेल्या आठवड्यात घरी बसून पैशासाठी काही केलंत का?" दुसऱ्या दिवशी पोरं पुन्हा त्याच गल्लीत गेली. आदल्या दिवशी जिथून ‘घरीच असते’ ऐकू आलं होतं, त्याच दारांतून आता कुणी पापड सांगत होतं, कुणी मणी, कुणी शर्टांचे धागे कापणं. नोंदी करता करता संध्याकाळ झाली.