आवाज कुठल्या चाकाचा? सोलापुरातली एक जुनी सॅन स्टॉर्म

ही सॅन स्टॉर्म. बऱ्याच जणांनी ही कधी बघितलीच नसेल, कारण मुळात बनल्याच थोड्या. गोव्यात बनायची. दोन सीट, कापडी छप्पर, फायबरची बॉडी, आणि पुढे रेनोचं 1149 सीसीचं इंजिन जे पुढचीच चाकं ओढतं. आपल्याकडे स्पोर्ट्स कार म्हणजे फक्त पोस्टरवर बघायची गोष्ट होती तेव्हा ही रस्त्यावर आली, म्हणून आजही जपावी अशी गाडी आहे.

हिचे मालक जुळे सोलापुरात राहतात, बँकेतून रिटायर झालेले काका. गाडी कित्येक वर्षं शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती, बाहेर काढली आणि तेव्हापासून हा आवाज. चाळीसच्या पुढे घूंऽऽ सुरू होतं, साठला एवढं वाढतं की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. एका गॅरेजने पुढची दोन्ही बेरिंगं बदलली, दुसरीकडे अलाइनमेंट-बॅलन्सिंग झालं, पैसे गेले आणि आवाज होता तिथंच.

मग गाडी आली अक्कलकोट रोडच्या या छोट्या गॅरेजात. इथल्या मिस्त्रींचे वडील मिलमध्ये जॉबर, म्हणजे मागांवरचे मुकादम होते, शेकडो माग चालू असताना नेमका कुठला माग बिघडलाय ते नुसत्या कानावर ओळखायचे. मिस्त्रींनी काकांना पहिलंच सांगितलं, "काका, आता मी सांगेपर्यंत एक पण पार्ट घेऊ नका."

पहाटे केगावच्या पुढे, पुणे हायवेला, रस्ता मोकळा असताना साठचा स्पीड धरला आणि गाडी न्यूट्रल केली. इंजिन एकदम खाली आलं, आवाज मात्र जराही हलला नाही. म्हणजे इंजिन संशयातून सुटलं. साठला इंजिन सेकंदाला चाळीस-पन्नास फेरे मारत असतं आणि चाक साधारण नऊ-दहा, त्यामुळे जो आवाज फक्त स्पीडसोबत वाढतो-उतरतो तो चाकाकडचा किंवा चाकासोबत फिरणाऱ्या कशाचा तरी, हे इतकं साधं आहे पण करून कुणी बघत नाही. डांबर संपून काँक्रीट लागलं तरी सूर तोच राहिला, टायरचा असता तर रस्त्याबरोबर बदलला असता. तरी खात्रीसाठी नंतर पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे लावून बघितले. आवाज जागचा हलला नाही, टायर पण सुटले.

आता महत्त्वाची टेस्ट. त्याच मोकळ्या रस्त्यावर स्टीअरिंग हलकं उजवीकडे घेतलं की गाडीचं वजन डाव्या चाकांवर जातं. उजवीकडे घेतलं, आवाज वाढला. डावीकडे घेतलं, कमी झाला. म्हणजे डावी बाजू.

पण डावीकडे पुढचं की मागचं? काका शपथेवर सांगत होते की पुढून येतोय, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही गाडीत बसून तसंच वाटलं. अशा छोट्या गाडीत, वर कापड आणि बॉडी फायबरची, आवाज कुठून निघतो आणि कानाला कुठून येतो याचा मेळच बसत नाही. माझ्या मते लोकांचे सगळ्यात जास्त पैसे इथंच वाया जातात, कानावर विश्वास ठेवून थेट पार्ट बदलण्यात.

गॅरेजात गाडी स्टँडवर घेतली, नुसत्या जॅकवर नाही, जॅक सरकला तर माणूस खाली जातो. चाक वर-खाली धरून हलवलं, प्ले म्हणजे ढिलेपणा नाही. हाताने फिरवलं, गुळगुळीत. इथं बरेच जण "बेरिंग चांगलंय" म्हणून सोडून देतात, पण चाक हवेत असलं की बेरिंगवर वजनच नसतं, मग ते बोलणार कसं? मिस्त्रींनी चाक जोरात फिरवलं आणि दुसरा हात स्प्रिंगवर ठेवला. उजवीकडे मागे काहीच नाही. डावीकडे मागे बारीक झिणझिण. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक हबजवळ, म्हणजे चाकाच्या मधल्या ज्या भागात बेरिंग बसतं तिथं टेकवून मूठ कानाला लावली, थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "हेच."

बेरिंग काढून उघडलं तर रेसवर, म्हणजे गोळ्या जिच्यावरून फिरतात त्या रिंगवर, सारख्या अंतरावर खळगे, जेवढं दोन गोळ्यांमधलं अंतर तेवढंच, आणि कडेला लालसर-तपकिरी भुकटी. याला फॉल्स ब्रिनेलिंग म्हणतात. स्वीडनचे इंजिनिअर योहान ब्रिनेल यांनी 1900 साली पोलादी गोळी दाबून धातूचा कडकपणा मोजायची पद्धत मांडली, या खुणा दिसायला तशाच म्हणून त्यांचं नाव, पण इथं खळगे दाबाने पडलेले नव्हते, म्हणून फॉल्स, म्हणजे खोटं. गाडी वर्षानुवर्षं एकाच जागी उभी, शेड रस्त्याला लागून, दिवसभर ट्रकची थरथर, गोळ्या जागच्या जागी सूतभर हलत राहिल्या, मधलं ग्रीस बाजूला सरकलं आणि लोखंडावर लोखंड घासलं गेलं. म्हणजे गाडी न पळता बेरिंग गेलं.

पार्टचं काय? नंबर अर्धा पुसलेला. मिस्त्रींनी व्हर्निअरने आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजली आणि त्या मापावर बेरिंग सोलापुरातच मिळालं, पॉवरलूमच्या गावात बेरिंगवाल्यांची काय कमी. हबमध्ये बसवताना प्रेसवर फक्त बाहेरच्या रिंगवर दाब दिला, कारण आतल्या रिंगवर दाबलं किंवा हातोड्याने ठोकलं तर सगळा जोर गोळ्यांवर येतो आणि नवं बेरिंग बसायच्या आधीच खराब होतं. नट टॉर्क पान्याने, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्याने कसला.

परत तोच हायवे, तोच साठचा स्पीड. काका पहिल्यांदाच साध्या आवाजात बोलत होते, छप्पर उघडं टाकून. उजवं मागचं बेरिंग मिस्त्रींनी तसंच ठेवलंय, ते अजून गप्प आहे, पण तेही तेवढीच वर्षं त्याच शेडमध्ये उभं होतं, म्हणून पावसाळ्याआधी गाडी पुन्हा स्टँडवर येणार आणि स्प्रिंगवर हात ठेवून तेही तपासलं जाणार.