स्क्रीन हिरवा, पार्ट लाल

मंडळी, मशीनशॉपच्या भिंतीवर स्क्रीन टांगणं आता फार खर्चाचं काम राहिलेलं नाही. कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतींत, शिरोली असो की गोकुळ शिरगाव, बोअर गेजची, म्हणजे भोकाचा व्यास मोजणाऱ्या उपकरणाची, केबल संगणकाला जोडली की रीडिंग आपोआप चढतं, आलेख निघतो, सीपीके, म्हणजे काम टॉलरन्समध्ये किती नीट बसतंय त्याचा आकडा, दिसतो. पण गेजच खोटं बोलत असेल, तर तेच खोटं आता जास्त वेगानं वरपर्यंत जातं.

एक उदाहरण घेऊ. बीडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, कास्टिंग, बोअर १०० मिलिमीटर एच७, म्हणजे टॉलरन्स (चालणारा फरक) शून्य ते अधिक ३५ मायक्रॉन; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मशीनवरून उतरलेला पार्ट ३५ अंशांवर आणि सेटिंग रिंग, म्हणजे गेजचं शून्य लावायची ठरलेल्या मापाची रिंग, एसी खोलीतून आणलेली, २५ अंशांवर. बीड दर अंशाला मीटरमागे साधारण ११ मायक्रॉन फुगतं. १०० मिलिमीटरला १० अंशांचा फरक म्हणजे ११ मायक्रॉन. टॉलरन्सचा जवळजवळ तिसरा हिस्सा इथंच गेला! गरम पार्ट अधिक ८ दाखवतो, स्क्रीन हिरवा. तोच पार्ट गार झाला की उणे ३, आणि गिऱ्हाइकाकडे गो गेज (चांगल्या बोअरमध्ये जायलाच हवं असं गेज) आत जात नाही. उपाय अगदी साधा आहे: रिंग मशीनशेजारीच ठेवा, पार्ट रिंगच्या तापमानाला आल्यावर मोजा, आणि शिफ्टच्या सुरुवातीलाच नव्हे, मधेही शून्य तपासा.

त्यानंतर गेज आर अँड आर, म्हणजे रीडिंगमधल्या फरकात गेजचा आणि मोजणाऱ्याचा वाटा किती, याची चाचणी. १० पार्ट, ३ ऑपरेटर, प्रत्येकी ३ वेळा, आधीचं रीडिंग न दाखवता. हा वाटा १० टक्क्यांच्या आत असेल तर चांगलं, ३० च्या वर त्या गेजनं मोजू नका. मधलं असेल तर काम किती नाजूक आहे ते बघून ठरवा. लागोपाठचे १० पार्ट मात्र उचलू नका. ते एकसारखेच निघतात, आणि एकूण फरकाशी तुलना करत असाल तर चांगलं गेजही नापास होतं.

फौंड्रीत हाच घोळ घड्याळाचा होतो. एसजी आयर्नमध्ये, म्हणजे ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असलेल्या बीडात, मॅग्नेशियम दिल्यावर ते मिनिटागणिक उतरत जातं, म्हणून ओतकाम साधारण १० मिनिटांत उरकायचं. ट्रीटमेंटची, म्हणजे मॅग्नेशियम देण्याची, वेळ लॅबच्या संगणकात, ओतण्याची वेळ लाइनच्या पीएलसीत, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या कंट्रोलरमध्ये, आणि दोन्ही घड्याळांत ५ मिनिटांचा फरक. मग १३ मिनिटांचं लेडल (वितळलेल्या धातूचं भांडं) नोंदीत ८ मिनिटांचं दिसतं आणि ग्रॅफाइटचे गोळे का बिघडले ते कुणालाच कळत नाही. सगळी यंत्रं एकाच टाइम सर्व्हरला जोडा. आणि नमुना लेडलमधल्या शेवटच्या धातूचा घ्या; पहिल्याचा घेऊन स्वतःचीच समजूत काढू नका.

जिथं अजून हातानं आकडे भरले जातात, तिथं गेल्या महिन्याची फाइल उघडून फक्त शेवटचा अंक बघा. एक मायक्रॉनच्या गेजवर सगळीकडे ० आणि ५ च दिसले, तर ती रीडिंग बहुधा शिफ्ट सुटताना बसून लिहिलेली आहेत.