प्रश्नावली छापण्यापूर्वी

पडद्यावर दिसणारे विधान आम्ही या माहितीपटासाठी तयार केले आहे, पण त्याच्यासारखी विधाने असंख्य शैक्षणिक प्रश्नावल्यांमध्ये सापडतात : ‘शिक्षक विषय सोपा करून सांगतात आणि शंकांना पुरेसा वेळ देतात.’ त्याच्यापुढे पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत अशा पाच चौकटी आहेत. ज्या विद्यार्थ्याचे शिक्षक विषय उत्तम समजावून सांगतात, पण शंका विचारली की पुढच्या धड्याकडे वळतात, त्याने कोणत्या चौकटीत खूण करायची? बहुधा तो मधल्या, ‘तटस्थ’ या चौकटीत करील. संगणकात त्या खुणेची नोंद ३ गुण अशी होईल, आणि अहवालात विद्यार्थ्यांचे मत मध्यम असल्याचे छापून येईल. वास्तविक त्या विद्यार्थ्याला दोन ठाम आणि परस्परविरुद्ध मते होती. दोन प्रश्न एका विधानात कोंबल्यामुळे ती कायमची पुसली गेली, आणि नंतर कितीही प्रगत संख्याशास्त्रीय तंत्र वापरले तरी ती परत मिळवता येणार नाहीत.

अशी पाच चौकटींची श्रेणी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ साली अभिवृत्ती, म्हणजे एखाद्या गोष्टीकडे पाहण्याचा मनाचा कल, मोजण्याच्या पद्धतीवर प्रसिद्ध केलेल्या लेखनामुळे रूढ झाली. आज पाच चौकटी दिसल्या की त्यांचे नाव घेतले जाते. मात्र त्यांच्या पद्धतीचा गाभा चौकटींत नव्हता. एकाच अभिवृत्तीच्या निरनिराळ्या छटा पकडणारी अनेक विधाने घ्यायची आणि त्यांच्या गुणांची बेरीज करायची, हा तो गाभा होता. एका सुट्या विधानाच्या सरासरीवर निष्कर्ष उभारणाऱ्याने लिकर्ट यांचा आधार सांगणे फारसे योग्य नाही.

शैक्षणिक सर्वेक्षणातील बहुतेक दोषांचे मूळ कामाच्या क्रमात असते. विषय मनात घोळू लागला की प्रश्नावली तयार केली जाते, ती सोयीच्या वर्गांमध्ये वाटली जाते, भरलेल्या प्रती हाती येतात, आणि मग या माहितीतून काय सिद्ध करता येईल याचा विचार सुरू होतो. सुरचित अभ्यासात हा क्रम उलटा असतो. आधी संशोधनप्रश्न ठरतो, त्यातील प्रत्येक संज्ञेची कार्यात्मक व्याख्या केली जाते, म्हणजे ती प्रत्यक्षात कशावरून मोजायची हे ठरवले जाते, आणि त्यानंतरच साधनाची निवड होते. ‘अभ्यासाची सवय’ ही संज्ञा घेऊ. रोज किती वेळ अभ्यास होतो, तो ठरावीक वेळी होतो का, वाचलेले पुन्हा आठवून पाहिले जाते का, की केवळ परीक्षेच्या आदल्या रात्री जागरण होते, या चार निरनिराळ्या बाबी आहेत. वेळ मोजायचा असेल तर महिन्याभराचा अंदाज विचारण्यापेक्षा त्या त्या दिवशी भरायची नोंदवही अधिक भरवशाची ठरते. वाचलेले आठवून पाहण्याची सवय मात्र प्रश्न विचारून किंवा प्रत्यक्ष निरीक्षण करून जाणून घ्यावी लागते.

या टप्प्यावर उपयोगी पडणारा, पण फार थोडे संशोधक करतात असा एक उपाय म्हणजे अहवालातील कोष्टके आधीच कोरी आखून ठेवणे. कोणत्या ओळीत कोणता गट येईल, कोणत्या स्तंभात कोणता चल (मोजायची बदलती बाब) येईल आणि कोणत्या दोन आकड्यांची तुलना होईल, हे कागदावर उतरले की प्रश्नावलीतील कोणता प्रश्न कोणत्या रकान्यासाठी आहे ते लगेच उघड होते. ज्या प्रश्नाला एकाही कोष्टकात जागा नाही तो काढून टाकावा. चाळीस प्रश्नांची प्रश्नावली या एका चाळणीतून बरीच हलकी होऊन बाहेर पडते, आणि ती भरणाऱ्याचे लक्ष शेवटच्या पानापर्यंत टिकण्याची शक्यता वाढते.

संशोधनप्रश्नाचे स्वरूप काय आहे, यावर अभ्यासाचा आराखडा ठरतो. ‘किती’ आणि ‘कोण’ या प्रश्नांना सर्वेक्षण उत्तर देऊ शकते. ‘कशामुळे’ या प्रश्नासमोर त्याची ताकद अपुरी पडते. अमेरिकेत १९६६ साली समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांच्या नेतृत्वाखाली प्रसिद्ध झालेल्या अहवालासाठी सुमारे ६ लाख विद्यार्थ्यांची माहिती गोळा करण्यात आली होती. शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा कौटुंबिक पार्श्वभूमीचा संपादणुकीशी, म्हणजे अभ्यासातील यशाशी, अधिक दाट संबंध दिसतो, हा त्याचा गाजलेला निष्कर्ष होता. मात्र ही सर्व माहिती एकाच काळात घेतलेली होती आणि निवडलेल्या अनेक शाळांनी ती दिलीच नव्हती. घर आणि शाळा यांचे परिणाम एकमेकांत इतके गुंतलेले होते की ते वेगळे कसे काढायचे यावर पुढे अनेक वर्षे वाद होत राहिला. सहा लाखांचा आकडा त्या वादाचा निवाडा करू शकला नाही.

त्याच देशातील टेनेसी राज्यात १९८५ साली सुरू झालेला ‘स्टार’ हा प्रयोग यापेक्षा कितीतरी लहान होता. त्यात ७९ शाळा होत्या आणि चार वर्षांत मिळून सुमारे ११,६०० विद्यार्थी सहभागी झाले. १३ ते १७ मुलांचा छोटा वर्ग, २२ ते २५ मुलांचा नेहमीचा वर्ग, आणि नेहमीचाच वर्ग पण सोबत पूर्णवेळ मदतनीस, अशा तीन प्रकारच्या वर्गांत विद्यार्थी आणि शिक्षक दोघांचीही वाटणी यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, करण्यात आली. छोट्या वर्गांतील मुलांची संपादणूक सरस ठरली. मदतनीस दिल्याने फारसा फरक पडला नाही. काही मुले मध्येच शाळा सोडून गेली, काहींचा वर्ग बदलला, आणि त्यामुळे या प्रयोगावरही आक्षेप आले. तरीही वर्गाचा आकार आणि संपादणूक यांच्यातील कार्यकारणाबद्दल काही सांगण्याचा अधिकार त्याला मिळाला, कारण कोणते मूल कोणत्या वर्गात जाणार हे पालकांच्या ऐपतीने किंवा मुख्याध्यापकांच्या पसंतीने ठरलेले नव्हते.

नमुना, म्हणजे माहिती घेण्यासाठी निवडलेला गट, मोठा असला की तो प्रातिनिधिक असतो, ही समजूत १९३६ सालीच कोलमडली. ‘लिटररी डायजेस्ट’ या अमेरिकी साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी लोकांचा कल जाणून घेण्यासाठी सुमारे १ कोटी मतपत्रिका पाठवल्या, त्यांपैकी सुमारे २४ लाख परत आल्या, आणि तरीही भाकीत सपशेल चुकले. शिक्षणक्षेत्रात मात्र नमुन्याची अडचण याहून वेगळी आणि अधिक फसवी आहे, म्हणून येथे थोडे थांबून एक हिशोब मांडू.

समजा, ४० वर्ग निवडले आणि प्रत्येक वर्गातील ३० विद्यार्थ्यांकडून प्रश्नावली भरून घेतली. एकूण प्रतिसादक १,२०० झाले. पण एका वर्गातील मुलांना शिक्षक एकच, वेळापत्रक एकच आणि बहुधा परिसरही एकच असल्याने त्यांची उत्तरे एकमेकांसारखी येतात. हे साम्य सांगणारा सहसंबंध (० म्हणजे साम्य नाही, १ म्हणजे पूर्ण साम्य) ०.२ आहे असे मानू. नमुन्यातील गटबांधणीचा परिणाम काढताना प्रत्येक वर्गातील प्रतिसादकांच्या संख्येतून १ वजा करायचा, त्याला या सहसंबंधाने गुणायचे आणि त्यात १ मिळवायचा. येथे २९ गुणिले ०.२, अधिक १, म्हणजे ६.८ हा आकडा येतो. १,२०० ला ६.८ ने भागले की उरतात सुमारे १७६. म्हणजेच त्या १,२०० उत्तरांत स्वतंत्रपणे निवडलेल्या १७६ विद्यार्थ्यांइतकीच माहिती आहे. तेवढेच १,२०० विद्यार्थी २४० वर्गांतून, प्रत्येकी पाच असे घेतले असते, तर तो भाजक १.८ झाला असता आणि माहिती सुमारे ६६७ विद्यार्थ्यांइतकी मिळाली असती. ‘नमुना : १,२०० विद्यार्थी’ एवढेच लिहून वर्गांची संख्या न सांगणारा अहवाल वाचताना हा हिशोब मनाशी करून पाहावा.

आता प्रश्नांच्या भाषेकडे वळू. जनमताचे अभ्यासक डोनाल्ड रग यांनी १९४१ साली प्रसिद्ध केलेल्या एका तुलनेत लोकशाहीविरोधी भाषणांबद्दल एकच प्रश्न दोन प्रकारे विचारला होता. अशा भाषणांना ‘परवानगी द्यावी का’ असे विचारले तेव्हा मत व्यक्त करणाऱ्यांपैकी ७५ टक्के लोकांनी नकार दिला. ‘बंदी घालावी का’ असे विचारले तेव्हा होकार देणारे ५४ टक्केच निघाले. तर्काने पाहता दोन्ही उत्तरे सारखीच. पण बंदी हा शब्द लोकांना कठोर वाटतो आणि तो उच्चारायला ते कचरतात.

भाषा निर्दोष असली तरी प्रतिसादक नेहमी खरे सांगतो असे नाही, आणि त्यात प्रत्येक वेळी लबाडीच असते असेही नाही. पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांसाठी घेतल्या जाणाऱ्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय मूल्यमापनाच्या २०१२ सालच्या फेरीत मुलांना गणितातील संकल्पनांची एक यादी देऊन प्रत्येक संकल्पना किती परिचयाची आहे असे विचारण्यात आले होते. यादीतील तीन संकल्पना अस्तित्वातच नव्हत्या. ‘सब्जंक्टिव्ह स्केलिंग’ आणि ‘डिक्लेरेटिव्ह फ्रॅक्शन’ ही त्यांतली दोन नावे व्याकरणातील शब्दाला गणितातील शब्द जोडून बनवलेली होती. तरीही अनेक मुलांनी त्या आपल्याला माहीत असल्याचे नोंदवले. इंग्रजी भाषक नऊ देशांच्या माहितीचे पुढे विश्लेषण झाले तेव्हा असा दावा करण्यात मुलींपेक्षा मुलगे आणि इतरांपेक्षा सधन घरांतील विद्यार्थी पुढे असल्याचे दिसले. याचा अर्थ असा की ‘मला हे येते’ या स्वरूपाच्या उत्तरांवरून दोन गटांची तुलना करताना ज्ञानातील फरकाबरोबर आत्मविश्वासाच्या प्रदर्शनातील फरकही मोजला जातो. त्या यादीतील बनावट संकल्पना हा एक प्रकारचा मापकच होता, आणि साध्या प्रश्नावलीतही तो बसवता येण्याजोगा आहे.

पथदर्शक चाचणी, म्हणजे प्रश्नावली आधी थोड्या जणांवर करून पाहणे, बहुतेक ठिकाणी उपचारापुरती उरते. मूठभर मुलांकडून प्रश्नावली भरून घेऊन लागलेला वेळ नोंदवण्यापेक्षा, एकेका मुलाला शेजारी बसवून प्रश्न मोठ्याने वाचायला लावावा आणि उत्तर निवडताना मनात काय आले ते सांगायला सांगावे. ‘गेल्या आठवड्यात’ म्हणजे मागचे सात दिवस की सोमवार ते शनिवार, ‘कधीकधी’ म्हणजे महिन्यातून एकदा की आठवड्यातून दोनदा, असे घोटाळे अशाच बैठकीत उघडे पडतात.

विश्वसनीयतेसाठी, म्हणजे साधनाचे मोजमाप सुसंगत आहे हे दाखवण्यासाठी, मानसशास्त्रज्ञ ली क्रॉनबाख यांनी १९५१ साली मांडलेल्या अल्फा गुणांकाचा आकडा देण्याची प्रथा आहे. विधानांची उत्तरे एकमेकांशी किती जुळतात ते तो सांगतो. तो ०.७ च्या वर गेला की संशोधक सुटकेचा निःश्वास टाकतो, पण हा गुणांक वाढवणे फार सोपे आहे. एकच विधान शब्द बदलून पाच वेळा विचारले, तर अल्फा उंचावतो आणि मोजमापाची व्याप्ती मात्र आक्रसते. शिवाय सातत्याने चुकीची गोष्ट मोजणारे साधनही विश्वसनीय ठरते. साधन जे मोजण्याचा दावा करते तेच मोजते का, हा सप्रमाणतेचा प्रश्न उरतोच, आणि त्यासाठी तज्ज्ञांची पाहणी, अन्य साधनांशी पडताळा आणि प्रत्यक्ष वर्तनाशी तुलना यांचा मार्ग धरावा लागतो.

दुसऱ्याने केलेले सर्वेक्षण तपासताना सर्वांत आधी उत्तर न देणाऱ्यांकडे पाहावे. समजा, ८०० पालकांना प्रश्नावली पाठवली, ३२० जणांनी ती भरली, आणि त्यांपैकी २५६ जण शाळेबद्दल समाधानी निघाले. अहवालात ८० टक्के पालक समाधानी असे ठळक अक्षरांत छापले जाते. उरलेले ४८० पालक सगळेच असमाधानी असतील तर खरे प्रमाण ३२ टक्के निघते. सगळेच समाधानी असतील तर ९२ टक्के. सत्य या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे, आणि ते ८० च्या जवळ आहे असे म्हणायला केवळ या माहितीत आधार नाही. आधार मिळवायचा असेल तर उत्तर न देणाऱ्यांतील काही जणांचा यादृच्छिक नमुना घेऊन त्यांच्याशी पुन्हा संपर्क साधावा लागतो, किंवा निदान उत्तर देणाऱ्यांची आणि न देणाऱ्यांची पाल्याची इयत्ता, शाळेपासूनचे अंतर, उपस्थिती यांसारखी उपलब्ध माहिती शेजारी ठेवून पाहावी लागते. आकड्यांच्या अचूकतेबद्दलची चर्चा त्यानंतरची आहे.

प्रश्नावली कोणत्या परिस्थितीत भरली गेली हेही अहवालात असायला हवे. शिक्षक वर्गात उभे असताना त्यांच्याबद्दलची मते नोंदवली गेली असतील, नाव लिहिण्याची सक्ती असेल, किंवा सहभाग ऐच्छिक असल्याचे मुलांना सांगितलेच नसेल, तर तो नीतिमत्तेचा प्रश्न आहेच. त्याचबरोबर तो माहितीच्या दर्जाचाही प्रश्न आहे.

म्हणून वर पाहिलेल्या पालक सर्वेक्षणाचा निष्कर्ष लिहायचा झाला, तर तो असा लिहावा लागेल : ‘पाठवलेल्या ८०० प्रश्नावल्यांपैकी ३२० भरून आल्या, म्हणजे प्रतिसाद ४० टक्के मिळाला, उत्तर देणाऱ्यांपैकी ८० टक्के पालकांनी समाधान व्यक्त केले, उत्तर न देणाऱ्यांशी पुन्हा संपर्क साधलेला नसल्याने हे प्रमाण सर्व पालकांना लागू करता येत नाही.’ आणि या वाक्याच्या मागे, परिशिष्टात, मूळ प्रश्नावली प्रश्नांच्या क्रमासह आणि माहिती घेतल्याच्या तारखांसह जशीच्या तशी जोडलेली असावी.