तीन मारुतीचे, एक शंकराचा

नमस्कार श्रोतेहो. मागच्या कार्यक्रमानंतर आलेल्या पत्रांत एकच प्रश्न फिरून फिरून होता: दहावी झाल्यावर मुलाला किंवा मुलीला वर्षभर अमेरिकेतल्या शाळेत पाठवता येतं का? येतं. मी स्वतः 1997 साली साताऱ्याहून गेले होते, निकाल लागल्यावर दोनच महिन्यांनी.

आधी कोरडं कोरडं सांगून टाकते. कागद-पेन्सिल घ्या. रस्ते मुख्यतः दोन. पहिला एक्सचेंजचा, म्हणजे जे-1 व्हिसाचा. यात मुलं एखाद्या अमेरिकन कुटुंबात राहतात आणि जास्तीत जास्त एक वर्ष तिथल्या शाळेत जातात. ते कुटुंब मुलाला ठेवून घेण्याचे पैसे घेत नाही. पुन्हा सांगते, कुटुंब पैसे घेत नाही. संस्थेची फी, विमान, विमा, वरखर्च हे मात्र असतं. रोटरी अशी मुलं पाठवते, एएफएस पाठवते. ही एएफएस म्हणजे मूळची पहिल्या महायुद्धात जखमींना वाहून नेणाऱ्या ॲम्ब्युलन्सवाल्या स्वयंसेवकांची संघटना. शाळकरी मुलांची देवाणघेवाण त्यांनी 1947 साली सुरू केली. ‘येस’ नावाची अमेरिकी सरकारची शिष्यवृत्तीही आहे. ती मिळाली तर बराचसा भार उतरतो.

दुसरा रस्ता एफ-1 व्हिसाचा, स्वतःच्या खर्चाने. आणि इथे जरा रेडिओचा आवाज वाढवा. ‘न्यू जर्सीला मावशी आहे, तिच्याकडे राहील, कोपऱ्यावरच्या सरकारी शाळेत फुकट शिकेल’, असं मला दर महिन्याला कुणीतरी सांगतं. एफ-1 वर सरकारी हायस्कूलमध्ये फार तर 12 महिने शिकता येतं, आणि शाळेला त्या मुलामागे येणारा पूर्ण खर्च आधी भरावा लागतो. मावशी कितीही प्रेमळ असली तरी. 12 महिने, आणि पूर्ण खर्च. त्याहून जास्त शिकायचं तर खासगी शाळा, आणि तिथली फी ऐकून आपण खुर्ची शोधतो.

झालं कोरडं. आता मला जे सांगायचंय ते सांगते.

मी होते विस्कॉन्सिन राज्यातल्या एका गावात. आपल्याकडे मुलं बाकावर बसून असतात आणि शिक्षक वर्ग बदलतात. तिकडे उलटं. शिक्षक आपल्या खोलीत ठाण मांडून बसलेले आणि दर तासाला मुलंच पळणार. एक तास संपून दुसरा सुरू व्हायला 4 मिनिटं. म्हणून प्रत्येकाला भिंतीत एक अरुंद पत्र्याचं कपाट, लॉकर. पुस्तकं तिथे ठेवायची, लागेल ते काढायचं.

माझ्या लॉकरला किल्लीच नव्हती. गोल तबकडीचं कुलूप, त्यावर शून्य ते 39 आकडे, आणि हातात एक चिठ्ठी: 24, 6, 32. बस्स. मला वाटलं, फोनसारखं फिरवायचं. फिरवलं. ढिम्म. उलटं फिरवलं. ढिम्म. साताऱ्याच्या घरी मी माळ्यावरच्या ट्रंकेचं गंजलेलं कुलूप खोबरेल तेल घालून उघडलेलं, आणि हे उघडेना! विचारायची लाज वाटली. माझ्या शेजारचा मुलगा डोळे मिटून आपलं कुलूप उघडत होता, त्याला काय विचारणार?

तेव्हा मी काय केलं, सगळी पुस्तकं पाठीवर घेतली. दिवसभर. तिकडची पुस्तकं म्हणजे विटा असतात. एकट्या इतिहासाचं वजन आमच्या दहावीच्या सगळ्या दप्तराएवढं. (आपल्याकडे दप्तराच्या ओझ्यावर समित्या नेमतात. पुस्तकं शाळेतच ठेवायला एक फडताळ दिलं तर समिती लागणार नाही, पण ते असो.) तीन आठवडे मी अशी हमालासारखी पळत होते. तासाला उशीर झाला की चिठ्ठी. तीन चिठ्ठ्या झाल्या की शाळा सुटल्यावर थांबायचं. मी थांबले.

त्या संध्याकाळी एक आजोबा बोळातली फरशी पुसत होते. शाळेचे सफाई कामगार. मी लॉकरशी झटापट करतेय हे बघून त्यांनी फडकं ठेवलं. मी सवयीनं म्हणाले, ‘सर, उघडत नाहीये.’ ते इतके हसले! म्हणाले, या शाळेत मला सर म्हणणारी तू पहिलीच. मग तबकडीवर माझा हात ठेवून दाखवलं. उजवीकडे तीन पूर्ण फेरे, थांब 24 वर. मग डावीकडे: 24 एकदा ओलांडून जाऊ दे आणि पुढे 6 वर थांब. मग उजवीकडे सरळ 32. मी केलं. चुकलं. पुन्हा केलं. 24 ओलांडायचंच विसरले.

आणि मग डोक्यात प्रकाश पडला. उजवीकडे फेरे म्हणजे प्रदक्षिणा! तीन मारुतीच्या. मग शंकराची: पन्हळीपर्यंत जायचं आणि उलटं फिरायचं. मग सरळ घरी. मी मराठीत पुटपुटत फिरवलं, ‘तीन मारुतीचे, एक शंकराचा, सरळ घरी,’ आणि खट्! पत्र्याचं दार इतक्या जोरात उघडलं की माझ्या कपाळाला लागलं. आजोबांनी विचारलं, काय म्हणालीस? आता मारुती इंग्रजीत कसा सांगायचा? मी म्हटलं, आमच्या गावचा पत्ता आहे.

पुढे वर्षभर बोळात भेटले की ते विचारायचे, ‘पत्ता सापडला का?’ नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू झाला, अर्धी मुलं बापाबरोबर रानात गेली, वर्ग ओस पडले, तेव्हाही हे फरशी पुसत होते आणि हेच विचारत होते.

काचेपलीकडून मला दोन बोटं दाखवतायत, म्हणजे दोनच मिनिटं. तर पटापट. वय: एक्सचेंजला साधारण 15 ते साडेअठरा. बारावी झाल्यावर चौकशी केलीत तर उशीर झालेला असतो, तेव्हा दहावीच्या वर्षातच करा. परत येताना शाळेचा शिक्का असलेली गुणपत्रिका हातात घेऊनच निघा. नंतर मागवायची म्हणजे वैताग. एक्सचेंजच्या मुलांना तिथला डिप्लोमा, म्हणजे शाळा पूर्ण केल्याचा दाखला, मिळेलच असं नाही, म्हणून बहुतेक जण परत येऊन अकरावीला बसतात. मीही बसले, वर्षानं लहान मुलींबरोबर. आमच्या काकांच्या मते माझं वर्ष वाया गेलं, आणि ते प्रत्येक लग्नात तसं सांगतात.

जाणाऱ्या मुलांसाठी मी घरी एक तबकडीचं कुलूप ठेवलंय. कुणी सल्ला विचारायला आलं की आधी ते हातात देते आणि चहा टाकते. चहा उकळेपर्यंत उघडलं तर ठीक.

नमस्कार.