नावाड्याने सोनं का नाकारलं?

मंडळी, 'हांव सायबा पलतडी वेतां' ही देखणी, म्हणजे गोव्याकडचं नाचत म्हणायचं कोंकणी गाणं, वेंगुर्ल्यात म्हणून दाखवायची गरज नाही. वरातीत बेंजोवाल्यांनी 'घे घे घे रे सायबा' धरलं की नवऱ्याचा मामासुद्धा कोट सावरत नाचायला उतरतो. हसताय, म्हणजे मामा सभागृहात आहेत! पण त्याच वरातीत कुणालाही विचारा, गाणं कुठलं? उत्तर येतं, 'बॉबी'चं. हे उत्तर मला सहन होत नाही आणि आजचं व्याख्यान त्यासाठीच मागून घेतलंय.

ही रचना कार्लोस यूजेनियो फरेरा या गोमंतकीय संगीतकाराची. ती 1895 साली पॅरिसमध्ये छापली गेली. पुढे 1926 साली बस्तोड्याच्या रांगेल छापखान्याने ती गोव्यात छापली. 'बॉबी' आला 1973 साली. म्हणजे गाणं सिनेमापेक्षा 78 वर्षांनी मोठं.

आता माझी तक्रार ऐका. किनाऱ्यावरच्या एका शाळेतल्या मुलींची समूहगीताची तयारी मी करून घेत होतो. स्पर्धेचा नियम होता, चित्रपटगीत चालणार नाही. आम्ही ही देखणी निवडली. मुली मन लावून शिकल्या. पेटी मी धरली आणि साथीला मुद्दाम घुमट मिळवलं. घुमटाबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. मातीचं मडकं, दोन्हीकडे तोंडं, मोठ्या तोंडावर कातडं. पूर्वी ते घोरपडीचं असे. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर घोरपड मारणं गुन्हा झालं, तेव्हा आता बकऱ्याचं ताणतात. ते योग्यच झालं. 2019 साली गोवा सरकारने घुमटाला वारसा वाद्याचा मान दिला. पण आपल्या बाजूच्या किती शाळांत घुमट आहे? तेरेखोलची खाडी ओलांडली की वाद्य परकं होतं का? असो.

तर मुली गायल्या, आणि इतक्या छान गायल्या की लोकांनी जागेवरून ताल धरला. निकालाच्या वेळी परीक्षकांनी सांगितलं, गाणं 'बॉबी'तलं आहे, सबब संघ बाद. मी उठलो. सालं सांगितली, छापखान्याचं नाव सांगितलं. निर्णय अंतिम आहे, असं उत्तर मिळालं. सातवीतली एक मुलगी मला म्हणाली, "सर, माजी आजी ह्या गाणा म्हणता, मगे ता सिनेमाचा कसा?" या प्रश्नाला त्या मंचावर कुणाकडे उत्तर नव्हतं. त्या मुली रडत घरी गेल्या, आणि मला अजून त्याचा राग येतो. गाणं चोरीला गेलं तर परत आणता येतं. पण आजीच्या तोंडचं गाणं आजीचं नाही असं पोरीला सांगितलं, तर ती ते पुढे कशाला म्हणेल?

कार्यवाह घड्याळ दाखवताहेत. खरा विषय तर आत्ता सुरू होतोय, म्हणून भराभर सांगतो.

देखणीतली गोष्ट अशी. देवळात नाचणाऱ्या दोघी नदीकाठी येतात. पलीकडे दामूच्या लग्नाला जायचंय. नावाडी म्हणतो, नदी खवळलीय, नेणार नाही. त्या अंगावरचे दागिने देऊ करतात, तरी तो नाही म्हणतो. मग त्या त्याच्यासमोर नाचतात आणि तो होडी सोडतो. एका ख्रिस्ती संगीतकाराने हिंदू कलावंतिणींवर रचलेलं गाणं, आणि त्यात सोन्यापेक्षा कलेचं मोल जास्त ठरतं.

'बॉबी'साठी गाणं लिहिलं विठ्ठलभाई पटेलांनी, संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं, आवाज मन्ना डे आणि शैलेंद्र सिंग यांचे. प्यारेलालजींचे व्हायोलिनचे गुरू अँथनी गोन्साल्विस गोव्यातल्या माजोर्ड्याचे. मुंबईच्या वाद्यवृंदांत गोव्याचे वादक किती होते ते तुम्हाला ठाऊकच आहे. तेव्हा ही चाल मुंबईला अनोळखी नव्हती.

आणि हिंदीत काय झालं ते पाहा. 'ना माँगूँ सोना चाँदी', म्हणजे सोन्याला नकार टिकला. फक्त नावाड्याचा नकार प्रियकराच्या तोंडी गेला. 'प्यार में सौदा नहीं' म्हणताना मूळचा सौदाच खोडला. नदी गेली, दामूचं लग्न गेलं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे नाचणाऱ्या दोघी गेल्या. ज्यांनी आपल्या कलेच्या बळावर होडी हलवली, त्यांच्या जागी दोन पुरुष गायक आले. नवी आवृत्ती गोड आहे, मलाही आवडते. पण तिच्यात कुणाला काही मिळवावं लागत नाही. बेंजोवाले तर पुढची कडवी सोडून तेवढं 'घे घे'च वाजवत राहतात, तिथे गोष्टच उरत नाही.

त्यांना माझं सांगणं एवढंच, की वाजवण्याआधी माइकवर फरेरांचं नाव घ्या.

प्रश्नोत्तरांना वेळ उरलेला नाही. ज्यांच्या घरी या देखणीची वेगळी कडवी म्हणतात, त्यांनी खाली चहाच्या टेबलापाशी मला गाठा. वही आणली आहे.