ऑम्लेट फाटतं कशानं?

नमस्कार, श्रोतेहो.

माझी मुलगी गेल्या जूनमध्ये शिकायला पुण्याला गेली. खोलीत एक शेगडी, एक तवा, दोन भांडी. पहिल्याच आठवड्यात फोन आला, "आई, भाज्या घालून ऑम्लेट करतेय, पण उलटताना फाटतंच. आणि बशीत काढलं की खाली पाणी!" मी विचारलं, "भाजी कधी घातलीस?" म्हणाली, "सगळं चिरलं, मीठ घातलं, अंड्यात ढवळून ठेवलं आणि आंघोळीला गेले."

तिथंच घोळ झाला होता. कांदा काय, टोमॅटो काय, ढोबळी मिरची काय, यांत ९० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. मीठ लागलं की ते सुटतं. काकडीची कोशिंबीर करताना आपण हे नेहमी बघतो, पण ऑम्लेटच्या वेळी विसरतो. ते पाणी अंड्यात उतरलं की मिश्रण पातळ होतं, आणि तव्यावर टाकलेलं अंडं नीट धरत नाही.

म्हणून दोन अंड्यांना भाजी मूठभरच घ्या. एक लहान कांदा, थोडी ढोबळी मिरची, एक हिरवी मिरची आणि अर्धा टोमॅटो. टोमॅटोच्या बिया आणि मधला रस काढून घ्या. तो आमटीत टाकता येतो. ऑम्लेटमध्ये फक्त वरचा गर हवा. सगळं बारीक चिरा. जाड तुकडा असला की अंडं नेमकं त्याच्या कडेनं फाटतं. मग कांदा आणि ढोबळी मिरची थेंबभर तेलावर दोन मिनिटं परता, पाणी आटलं की बशीत काढून निवू द्या. कोबी किंवा पालक घालणार असाल तर हे परतणं टाळूच नका.

अंडं आधी वाटीत फोडावं, एकेक करून. एखादं खराब निघालं तर बाकीची वाचतात. शंका असेल तर फोडण्याआधी पाण्यात सोडून बघा. ताजं अंडं तळाशी आडवं पडतं, जुनं उभं राहतं, आणि तरंगलं तर सरळ टाकून द्या. अंडं जुनं होतं तसं त्याच्या टरफलातून आतली वाफ बाहेर जाते आणि हवेची पोकळी वाढत जाते, म्हणून ते तरंगतं.

काट्याच्या चमच्यानं पांढऱ्याचे धागे दिसेनासे होईपर्यंत फेटा. मीठ, चिमूटभर हळद, कोथिंबीर आणि परतलेली भाजी यातच घाला. टोमॅटो सगळ्यात शेवटी, तवा तापल्यावर.

आता आच. माझ्या मते निम्मं ऑम्लेट इथंच बिघडतं. अंड्याचं पांढरं साधारण ६२ अंशांपासून घट्ट व्हायला लागतं, बलक त्याहून थोडा उशिरा. म्हणजे पाणी उकळण्याच्या कितीतरी आधी. मोठ्या जाळावर ते खालून करपतं, वर कच्चं राहतं. आणि जास्त शिजलं की अंडं आक्रसतं, आतलं पाणी पिळून बाहेर टाकतं. मुलीच्या बशीतलं पाणी थोडं असंही आलं होतं. तेव्हा तवा तापवा, तेल फिरवा, आच मंद करा, मगच ओता. कडा धरल्या की उलथन्यानं त्या उचलून वरचं पातळ खाली जाऊ द्या. मग मिनिटभर झाकण. उलटायचा हट्ट नको. अर्ध्यावर दुमडा, दोन्ही बाजूंनी थोडं दाबा, झालं. लहान मुलांसाठी असेल तर आत कुठं ओलं राहिलं नाही ना, एवढं बघून घ्या.

आपल्याकडे अंडं न खाणाऱ्यांचंही एक ऑम्लेट आहे, डाळीच्या पिठाचं टोमॅटो ऑम्लेट. तिथं मात्र टोमॅटोचा रस काढून टाकू नका. बेसन तो शोषून घेतं आणि त्यातच भिजतं. वरचं पाणी तेवढं कमी लागतं. भाज्या त्याच, पण नियम उलटा.

ऑम्लेट बशीत काढलं की त्याच तव्यावर, उरलेल्या तेलात, पाव मधून कापून शेकून घ्या. चहा मात्र आधीच टाकून ठेवा. ऑम्लेट गार झालं की चिवट लागतं.

नमस्कार.